बूदँच्या बंदरांवरचं : आकाश की आभाळ?

प्रश्न : यूजेन बूदँ (१८२४–१८९८) या फ्रेंच चित्रकारावर लिहिते आहे. ओंफ्लर, ल हाव्र, त्रुव्हील ही नॉर्मंडीची बंदरं त्याने पुन्हा पुन्हा रंगवली. चित्रकार कोरो त्याला 'आकाशांचा राजा' म्हणायचा. मराठीत हे अनेकवचन खटकतं. दुसरा शब्द सुचवाल का?

उत्तर : 'आभाळांचा राजा' लिहा. आकाश म्हणजे पोकळी, पंचमहाभूतांपैकी एक; ते येत नाही, जात नाही. आभाळ येतं, भरतं, दाटतं, फाटतं, निवळतं. 'आभाळ आलंय' म्हणजे ढग आलेत. शब्दाचं नातंच 'अभ्र'शी आहे. बूदँने हेच रंगवलं. खलाशाचा मुलगा, लहानपणी बोटीवर राबलेला. त्याच्या चित्रांत क्षितिज खूप खाली असतं. डोलकाठ्या आणि धक्क्यावरची माणसं तळाशी, वरचा दोन-तृतीयांश कॅनव्हास ढगांचा. त्याच्या पेस्टलमधल्या अभ्यासचित्रांवर कवी बोदलेअरने १८५९ मध्ये भरभरून लिहिलं. चित्रांच्या कडेला बूदँ तारीख, वेळ आणि वारा टिपून ठेवायचा, हे बोदलेअरने आवर्जून सांगितलं. ८ ऑक्टोबर, दुपार, वायव्येचा वारा. अशी नोंद आभाळाचीच होऊ शकते.

आणखी एक : अनेकवचनाला घाबरू नका. फ्रेंचमध्येही ते खास आहे. 'सिएल' म्हणजे आकाश; त्याचं एरवीचं अनेकवचन 'स्यो', त्याला स्वर्गाचाही वास. चित्रातल्या आकाशांसाठी मात्र 'सिएल'लाच लिहिताना एक 'स' जोडतात, उच्चार तोच राहतो. चित्रकारांसाठी भाषेने वेगळं रूप ठेवलं, तर आपणही 'आभाळं' म्हणावं. मला ते फार गोड वाटतं.

प्रश्न : चित्रकार मोनेलाही हाच शब्द चालेल? उघड्यावर रंगवायला त्याला बूदँनेच शिकवलं ना?

उत्तर : हो, शिकवलं बूदँनेच. पण मोनेने १८७२ मध्ये ल हाव्रच्या बंदरावरचा सूर्योदय रंगवला, ज्याच्या 'इम्प्रेशन, सूर्योदय' या नावावरून पुढे दृक्‌प्रत्ययवाद्यांना (इम्प्रेशनिस्ट चित्रकारांना) नाव मिळालं, तिथे 'आभाळ' पुरत नाही. 'मळभ'ही नको, त्यात उदासी येते. त्या चित्रात पाणी कुठे संपतं आणि वर काय सुरू होतं, ते कळत नाही. धुकं आणि गोदीच्या धुराड्यांचा धूर एक झालेत. केशरी सूर्य उठून दिसतो तो केवळ रंगामुळे. चित्राचा कृष्णधवल फोटो पाहा, सूर्य जवळजवळ नाहीसा होतो, कारण त्याची उजळी भोवतालच्या करड्या रंगाइतकीच आहे. मी 'धुरकट पहाट' लिहीन. 'धुरकट'मध्ये धूरही आला आणि अंधुकपणाही.