कॅम्पिंगला एकच पातं न्यायचं, तर सुरी की कोयता?

करवंदी_जाळी

माझी बाजू आधीच सांगतो: चार इंची, न मिटणारी सुरी आणि सोबत घडीची करवत. कोयता घरी ठेवा.

कोल्हापूरकडचा गगनबावडा, आंबा घाट किंवा पन्हाळ्याच्या मागची पठारं, अशा ठिकाणी मालकीच्या रानात एक-दोन रात्रींचा मुक्काम धरा. पात्याला काम काय पडतं? तंबूचे खुंटे टोकदार करणं, दोरी कापणं, चुलीसाठी ढलप्या काढणं, मनगटाएवढं लाकूड चिरणं आणि कांदा-मिरची. यातलं जोराचं काम एकच. बाकीची सगळी बोटांच्या पकडीची. पाऊण किलोचा कोयता घेऊन त्यातली चार कामं वाईट आणि एक चांगलं होतं.

पातं ९ ते ११ सेंटिमीटर, जाडी २.५ ते ३.२ मिलिमीटर. स्वीडनची मोरा कंपॅनियन याच मापात बसते: पातं साधारण १०.४ सेंटिमीटर, जाडी २.५, आणि तिच्याच हेवी ड्यूटी प्रकारात ३.२. धार स्कँडी, म्हणजे पात्याच्या बाजूला एकच रुंद उतार. दगडावर तो उतार सपाट टेकवला की कोन आपोआप जमतो, नवख्यालाही.

लाकूड चिरायला सुरी ठोकत बसायची गरज नाही. करवतीने वीतभर लांबीचे, पाच-सहा सेंटिमीटर जाडीचे तुकडे करा. तुकडा उभा धरून माथ्यावर सुरी आडवी ठेवा, लाकडी सोट्याने दोन हलके टोले, बोटभर चीर पडली की सुरी बाहेर. त्या चिरेत वाळक्या बाभळीची पाचर घाला आणि पाचरीवर ठोका. पाचर तुटली तर दुसरी करता येते, सुरी तुटली तर मुक्काम संपेपर्यंत हात चोळत बसायचं. पावसाळ्यात तर हे चिरणंच महत्त्वाचं, कारण साल आणि वरचा थर भिजला तरी उभ्याने वाळलेल्या फांदीचा गाभा कोरडा असतो. ढलप्या तिथूनच काढायच्या, पहिल्या काडेपेटीच्या काडीएवढ्या बारीक.

पाट्याचा_कोयता

भावा, हे गणित स्वीडनचं झालं. तिकडं पाईन आन् स्प्रूस, मऊ आन् सरळ धाग्याचं लाकूड. आपल्याकडं बाभूळ, ऐन, जांभूळ. बाभळीची गाठ लागली की तुझी स्कँडी धार तिथंच वळतीय.

दुसरं, करवत फांदी कापती, जाळी साफ करत न्हाई. तंबूची जागा करायला करवंदीचं झुडूप काढायचं म्हणलं तर कोयत्याचं वाकडं टोक फांदी ओढून धरतंय आन् त्याच ओढीत कापतंय. ते टोक धारेच्या पुढं येतंय, म्हणून दगडावर पडलं तरी धार वाचती.

तिसरं, बांबू. मेसकाठी चिरायची तर कोयता काठीच्या टोकावर ठेव, एक टोला दे, मग काठी अन् कोयता दोन्ही मिळून जमिनीवर आपट. पेरामागं पेर फुटत जातंय. चार इंची सुरी पहिल्याच पेराच्या पडद्यात अडकती, अन् बांबूत सिलिका असतंय ते धार खातंय ते वेगळंच.

आन् कांदा कोयत्यानं चिरता येत न्हाई हे कुणी सांगितलं? मुठीजवळचा भाग बारीक धारेचा ठेवायचा, मधला तोडीसाठी जाड. एकाच पात्यावर दोन धारा. लोहाराला सांगितलं की करून देतोय. एका मोराच्या पैशात दोन-तीन कोयते येतील, आन् हरवला तर जेवण ग्वाड लागंल.

करवंदी_जाळी

बांबूचं मान्य. बाकीचं नाही. जाळी साफ करायची वेळच येऊ नये, जागा उघडी निवडावी. करवंदीच्या बुंध्याशी तंबू ठोकणारा सापाच्या घरासमोर झोपतो.

आणि चुकलेल्या घावाचं काय? सुरी घसरली तर बोट कापतं, कोयता घसरला तर नडगी फुटते. भिजलेल्या हातानं, अंधार पडत असताना, दिवसभर चालून थकल्यावर लोक सरपण तोडायला बसतात. जवळचा दवाखाना किती लांब आहे ते गगनबावड्याच्या माणसाला विचारा.

पाट्याचा_कोयता

उभं राहून तोडणाऱ्याची नडगी फुटती. गुडघ्यावर बसून, पुढं ठोकळा ठेवून, ठोकळ्याच्या पलीकडच्या कडेवर लाकूड धरून तोडलं तर चुकलेला घाव ठोकळ्यात न्हाईतर मातीत जातो. घाव काटकोनात न्हाई, तिरका, पंचेचाळीस अंशाच्या आसपास. काटकोनातला घाव उसळतोय. आन् मुठीला दोरी बांधून मनगटात अडकवू नका. हात सुटला तर पातं झोका घेऊन परत अंगावरच येतंय. तुझ्या सुरीलाबी नियम हायतच की: मांडीवर लाकूड ठेवून सोलणारे बघितल्यात. मांडीच्या आतल्या बाजूची रक्तवाहिनी कापली तर चार इंच लई झाले.

उद्यमनगरी_धार

दोघंही आकारावर भांडताय आणि पोलाद कुणी बघत नाही. कोयता वाईट निघतो तो कोयता म्हणून नाही, उष्णतेच्या कामात बिघडला म्हणून.

गावाकडचा चांगला कोयता ट्रकच्या कमानपाट्याचा असतो. ते स्प्रिंगचं पोलाद, कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर, म्हणून चिवट. तोडीला उत्तम. पण लोहाराने भट्टीत जास्त तापवलं की आतले कण मोठे होतात आणि धार दाते पडून झडते. पाण्यात विझवून नंतर पुन्हा हलकं तापवलं नाही तरी तेच. उलट विझवताना पुरेसं तापलंच नसेल तर धार शिशासारखी वळते. विकत घेताना दोन चाचण्या करा. धारेवर हलक्या हाताने कानस फिरवा: सहज चावली तर पातं मऊ, काचेवरून गेल्यासारखी निसटली तर कडक. मग पितळेच्या गोल सळईवर धार टेकवून थोडी दाबत ओढा. धार किंचित वाकून परत आली तर घ्या. वाकलेली राहिली तर मऊ, तुकडा निघाला तर ठिसूळ. जाणकार लोहार या चाचणीला हरकत घेत नाही. जो घेतो, त्याच्याकडून घेऊ नका.

ऊसतोडीचा कोयता मात्र सरपणाला आणू नका. तो उसासाठी पातळ ठेवलेला असतो. दिवसभर हात चालावा म्हणून हलका. बाभळीत घातला की धार लाटेसारखी होते.

सुरीवाल्यांना पण सांगतो. साधी मोरा फुल टँग नाही, पात्याचं शेपूट मुठीत अर्ध्याच्या पुढं जातं आणि संपतं. करवंदी यांची पाचरीची पद्धत म्हणूनच बरोबर आहे. पण व्हिडिओ बघून लोक सुरी गाठीवर ठोकतात, अडकली की मूठ डावी-उजवी पिळतात, आणि मूठ जिथं सुरू होते तिथंच पातं तुटतं. ठोकायचंच असेल तर फुल टँग, किमान ३ मिलिमीटर जाडी, आणि लाकडाची जाडी पात्याच्या लांबीपेक्षा दीड-दोन इंचांनी कमी, म्हणजे टोक पलीकडून बाहेर राहतं आणि टोले तिथं बसतात. स्कँडी धार बाभळीत वळते हे खरं, पण उपाय पाच मिनिटांचा आहे: १००० नंबरच्या दगडावर पातं थोडं उचलून प्रत्येक बाजूला पाच-सहा हलके हात. काठाशी केसाएवढी जाड धार तयार होते. सोलायला किंचित जड जाते, गाठीत टिकते.

शेवटचं, फिरत्या दगडावर धार लावून घेऊ नका. ठिणग्या छान दिसतात आणि काठ निळा पडतो. निळा रंग म्हणजे तिथं ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान गेलं. सुरीच्या पोलादाचा कडकपणा बहुतेक २०० अंशांच्या आसपास बेतलेला असतो, म्हणजे निळा झालेला भाग कायमचा मऊ. तेवढा घासून काढण्याशिवाय इलाज नाही.

कागद_बघा

पोलाद झालं, आता कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं हत्यारांच्या यादीत येतं. घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती वगळली आहेत. कोयता शेतीचं अवजार खरा, पण शेतात. कोयता गँगच्या बातम्या रोज वाचणाऱ्या हवालदाराला मोटरसायकलच्या डिकीत तो सापडला तर 'साहेब, सरपणाला' हे तिथं पटवणं सोपं नाही. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली जिल्ह्यात मनाई आदेश निघतात, तेव्हा हत्यार बाळगणं हाच गुन्हा होतो.

सुरीवाल्यांनी लगेच खूश होऊ नये. दाजीपूरला, म्हणजे राधानगरी अभयारण्यात, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू आहे. त्याच्या कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन आत जाता येत नाही, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत हत्यारामध्ये सुऱ्या स्पष्ट लिहिल्या आहेत. तिथं लांबीची सूट नाही. लाकडाला हात लावायचा तर विषयच नाही.

चुलीपाशी_मी

मला एक कळत नाही, एवढं लाकूड तोडायचंय कुणाला? चार माणसांचा भात, पिठलं आणि दोन वेळचा चहा याला सात-आठ शेणी (गोवऱ्या), दोन मुठी पाचट आणि थोडं बारीक सरपण पुरतं. शेणी गावातून विकत मिळतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून न्या, भिजलेली शेणी नुसती धुपते. पाचट खाली, त्यावर शेणीचे तुकडे उभे, मध्ये हवेला वाट. पेटली की तासभर शांत जळते. पावसात तर सरळ छोटा गॅस न्यावा.

मग पात्याचं काम उरतं स्वयंपाकाचं, आणि तिथं तुमच्या दोन्ही वस्तू नापास. तीन मिलिमीटर जाडीच्या पात्यानं गाजर कापलं जात नाही, फुटतं. टोमॅटोचं तर भरीत. दीड-पावणेदोन मिलिमीटर जाडीची, मिटणारी, कडं फिरवून लॉक होणारी ओपिनेल आठ नंबर न्या. पातं साडेआठ सेंटिमीटर, खिशात मावते.

करवंदी_जाळी

ताई, शेणीचा मुद्दा बिनतोड. पण ओपिनेल जुलैत गगनबावड्याला? बीच लाकडाची मूठ पाणी पिऊन फुगते आणि पातं खाचेत आवळून बसतं. दोन्ही हातांनी ओढलं तरी उघडत नाही. आणि त्या खाचेत पिठलं गेलं की धुवायचं कसं?

चुलीपाशी_मी

नेण्याआधी पातं उघडून सांधा पूर्ण सुकवा, मुठीला आणि खाचेला जवसाचं तेल दोनदा चोळा, एक दिवस मध्ये ठेवून. फुगणं थांबत नाही, पण पातं उघडण्याइतकं राहतं. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून ठेवू नका, जवसाच्या तेलाची चिंधी आपोआप पेट घेते, पसरून वाळवा. पिठल्याबद्दल: खाचेत काडी फिरवायची आणि पाणी ओतायचं. सुरी आहे, देव्हारा नाही.

पाट्याचा_कोयता

तेलाचं निघालंच हाय तर, कार्बनच्या पात्याला खोबरेल लावा. शेंगतेल लावू नका, काही दिवसांनी चिकट थर धरतंय अन् त्याच्यावर धूळ बसती. उद्यमनगरी, पावसात स्टेनलेस घ्यायचं का कार्बन, ते सांगून टाका. आन् म्यानाचं काय?

उद्यमनगरी_धार

वापरून झाल्यावर चार-चार महिने माळ्यावर पडून राहणार असेल तर स्टेनलेस. रोज हाताळणारा आणि पुसून ठेवणारा असेल तर कार्बन, दगडावर लवकर लागतं. कोयता कार्बनचाच येतो, तिथं निवड नाही.

म्यानाचं: सुरीला प्लॅस्टिकचं जे येतं तेच ठेवा, फक्त तळाला पाणी निचरायला भोक आहे का बघा. कोयत्याला कोल्हापुरात पापाची तिकटीला चप्पल करणाऱ्यांकडून चामड्याचं करून घेता येईल. झाडाच्या सालीनं कमावलेलं जाड चामडं सांगा. धारेच्या बाजूला दोन थरांच्या मध्ये चामड्याचीच एक पट्टी घालायला लावा आणि शिवणीबरोबर तांब्याचे रिबिट मारून घ्या, नाहीतर धार पहिल्याच आठवड्यात टाके कापते. चामडं भिजलं की कोयता त्यात ठेवायचा नाही, रात्रीत तांबडा होतो. पावसाळी मुक्कामाला म्यान रिकामं वाळत टांगा आणि पातं तेल लावून जुन्या सायकल ट्यूबच्या तुकड्यात घाला.

पाट्याचा_कोयता

ट्यूब मोटरसायकलची घ्या. सायकलच्यात दोन इंची कोयता जात न्हाई.