मदत हवी आहे: गोल कॅक्टस बुडातून सडतोय

कुंडी ४ इंची, प्लास्टिकची. माती शेतातली काळी, चूक तिथंच झाली. झडीत ती पाणी सोडतच नाही. बुडाशी बोटभर पट्टा तपकिरी, दाबला की पिचपिचीत. शेंडा मात्र टणक. काट्यांच्या मुळाशी पांढरा कापूस, म्हणजे पिठ्या ढेकूण ही कीड (पऱ्हाटीवरचा, कपाशीवरचा, ओळखीचाच). तो स्पिरिटच्या बोळ्यानं पुसणं चालू आहे.

आता स्पिरिटनं पुसलेल्या ब्लेडनं खालून चकत्या काढत जायचं, मधला तपकिरी ठिपका पूर्ण संपेपर्यंत. मग उरलेला वरचा टणक काप सावलीत ८-१० दिवस सुकवून २ भाग जाड रेती, १ भाग मातीत ठेवायचा, मुळं फुटेपर्यंत पाणी बंद.

अडचण एवढीच: या दमट हवेत काप धरेल का? कृषी केंद्रातली गंधकाची भुकटी कापावर लावलेली चालते का, की साधी राखच बरी?