माळ्यावर सापडलेली डायरी आणि वेबसाइटींचे पत्ते: तुमच्याकडे काय काय आहे?

माळ्यावरची_मांजर

दिवाळीची साफसफाई म्हणून काल माळा काढला. तांब्याचा बंब, मुलीची तीनचाकी, आणि एका बँकेची २००४ सालची डायरी. उघडली तर ना हिशेब ना वाणसामानाची यादी. पानंच्या पानं वेबसाइटींचे पत्ते! निळ्या बॉलपेनने, एचटीटीपी, दोन टिंबं आणि दोन तिरक्या रेघांसकट.

तेव्हा घरी कॉम्प्युटर नव्हता. कॅफेत तासाला वीस रुपये. प्लायवुडच्या खुराड्यात बसायचं, कीबोर्डवरचा 'ए' पुसलेला, आणि पंचावन्न मिनिटं झाली की कॅफेवाले काका मुद्दाम खोकायचे. म्हणून पेपरात, मासिकात कुठे नवा पत्ता दिसला की आधी डायरीत उतरवायचा. कॅफेत टाकून बघायचा. उपयोगी निघाला तर पुढे टिकमार्क, गंमतीचा असेल तर फूल, वीस रुपये पाण्यात गेले तर फुली.

काल भाची शेजारी बसून एकेक पत्ता टाकत होती. चाळीसातले तेहेतीस बंद. जिओसिटीजवर, म्हणजे फुकटात स्वतःचं पान बनवून देणाऱ्या साइटवर, माझं एक पान होतं, तिथे तर २००९ मध्ये साइट बंद होऊन गावच्या गाव उठलं. भाची म्हणाली, "मावशी थांब." वेबॅक मशीन उघडलं. इंटरनेट आर्काइव्हवाले १९९६ पासून वेबची पानं साठवतायत आणि २००१ पासून ती कुणालाही बघता येतात, हे मला आत्ता कळतंय! आणि आलं की हो पान. जांभळ्यावर पिवळी अक्षरं, फावडं मारणारा माणूस, खाली 'आपण २१४ वे पाहुणे'. त्यातले दोनशे मीच. फोटो नाही आले, नुसत्या रिकाम्या चौकटी.

तर तुम्हाला सापडलेली साइट कुठली? उपयोगाची म्हणा, निव्वळ टाइमपास म्हणा. नुसती नावं नकोत, गोष्ट सांगा. भाजणी दळायला टाकलीय, आणून येते.

बोईसरचा_बाळ्या

फ्लाइटरडार. विषय संपला.

बोईसरचा_बाळ्या

बरं संपला नाही, सांगतो. आकाशातली विमानं आत्ता कुठे आहेत ते त्यात नकाशावर दिसतं. भाऊ नैरोबीला असतो. पहिल्यांदा गेला तेव्हा आईला मोबाइलवर पिवळं विमान दाखवलं, म्हटलं हा बघ दादा. आई हलेचना. रात्री दोनला मला हलवून उठवलं, "अरे विमान समुद्रात नाहीसं झालं." खरंच, अरबी समुद्राच्या मध्यावर विमान गायब. आईने देवापुढे दिवा लावला. मीही घाबरलो, खोटं कशाला बोलू. पहाटे आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ परत उगवलं. तेव्हापासून आईला मधला समुद्र दाखवतच नाही.

अँटेना_काका

विमान कुठे जात नाही हो. ते आपली जागा, उंची, वेग सतत रेडिओवर सांगत असतं. ते ऐकायला जगभरच्या हौशी लोकांनी घराच्या गच्चीवर छोटे रिसीव्हर लावलेत, त्यांच्या जिवावर हा नकाशा उभा आहे. २००६ मध्ये स्वीडनमधल्या दोघांनी छंद म्हणून सुरू केलं. एका रिसीव्हरला चारेकशे किलोमीटरच्या पलीकडचं ऐकू येत नाही, आणि समुद्रात गच्ची कुणाची? माझ्या गच्चीवर आहे एक, टाकीच्या शेजारी. सोसायटीला वाटतं फुकट केबल घेतोय.

बोईसरचा_बाळ्या

काका, हे आईला वाचून दाखवलं. म्हणाली, त्यांना सांग चांगलं काम करताय.

गोंधळलेला_गण्या

विषयांतराबद्दल सॉरी, पण इथे जाणकार दिसताय म्हणून विचारतो. पोरीच्या फॉर्मला पीडीएफ २०० केबीच्या आत मागतायत, माझी ३ एमबी आहे. आज शेवटची तारीख.

सोमवारची_साबुदाणा

मोल्सवर्थ!! शिकागो विद्यापीठाच्या साइटवर त्याचा अख्खा मराठी-इंग्रजी कोश आहे, १८५७ ची दुसरी आवृत्ती, फुकट. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही तिथेच आहे. आमच्याकडे वाद झाला होता. मी म्हटलं 'दूध वैलावर ठेवा', नवरा म्हणाला असा शब्दच नाही, तुझ्या माहेरचा बनवलेला. चुलीच्या बाजूचं ते छोटं तोंड, जिथे मंद आचेवर दूध, भात ठेवतात, ते वैल. रात्री साडेअकराला शोधलं. सापडला. स्क्रीनशॉट काढून नणंदेसकट सगळ्यांना पाठवला. आता नवरा कुठल्याही शब्दावर बोलायच्या आधी गुपचूप कोश बघतो. गंमत म्हणजे शेगडीला वैल नाहीच, मी सवयीने मागच्या बर्नरला म्हणते.

माळ्यावरची_मांजर

आमच्याकडेही वैलच! सासूबाई सातारच्या. गिरणीत रांग आहे, इथूनच वाचतेय.

द्राक्षवाला_निफाड

मी विंडी बघतो, हवामानाची साइट. टाइमपास नाही, पोटाचा प्रश्न. ऑक्टोबर छाटणी झाली की बाग फुटते आणि त्याच दिवसांत आभाळ भरून येतं. पाऊस पडला की डाऊनी रोग आलाच समजा. फवारणी आज करायची की उद्या यावर पाच-सात हजाराचं औषध वाया जातं किंवा वाचतं. विंडीवर वाऱ्याच्या रेघा पळताना दिसतात, आणि युरोपचं मॉडेल न् अमेरिकेचं मॉडेल आलटून पालटून बघता येतं. गेल्या वर्षी युरोपवालं म्हणे उद्या पाऊस, अमेरिकेवालं म्हणे परवा. आमचे आबा बांधावर उकिडवे बसून म्हणाले, मुंग्या अंडी घेऊन निघाल्या, आज रात्रीच येतो. फवारणीचा ब्लोअर बाहेर काढला, संध्याकाळीच औषध मारून घेतलं.

सोमवारची_साबुदाणा

मग कधी आला पाऊस?

द्राक्षवाला_निफाड

चौथ्या दिवशी. तिघंही चुकले. आबा म्हणतात मुंग्या दुसऱ्या कारणाने निघाल्या असतील.

खडकवासला_एक्स्प्रेस

😂😂 आबांना नमस्कार सांगा.

जनेल_उघडं_ठेव

रेडिओ गार्डन. पृथ्वीचा गोळा फिरवायचा, हिरव्या ठिपक्यावर थांबायचं, तिथलं स्टेशन लागतं. २०१६ मध्ये नेदरलँड्समधल्या लोकांनी केलंय. आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे. एका दुपारी लिस्बन लावलं आणि आजीसमोर फोन ठेवला. आजी पोर्तुगीज शिकलेली नाही, लहानपणी कानावर पडलं तेवढंच. कसलीतरी जाहिरात चालू होती. ती तांदूळ निवडत होती, थांबली. म्हणाली, "साबण म्हणाला." मग 'चावी'. मग खिडकीला म्हणतो ते 'जनेल'. मला जाहिरात कशाची तेही कळेना आणि ही एकेक शब्द खड्यासारखा वेचून बाजूला ठेवतेय. बटाटा आणि पाव तिकडून आलेत हे सगळ्यांना माहीत असतं, पण साबणसुद्धा तिकडे जवळपास तसाच. आता रोज दुपारी "तुझो गोळो हाड" (तुझा गोळा आण) म्हणते.

खडकवासला_एक्स्प्रेस

बायको आइसलँड लावून पोळ्या लाटते. का, तर एक शब्द कळत नाही म्हणून डोकं शांत राहतं. मी बोलायला गेलो की म्हणते, तुझं कळतं हाच प्रॉब्लेम आहे.

अँटेना_काका

@गण्या, स्कॅन रंगीत केलाय का? ब्लॅक अँड व्हाइटमध्ये, १५० डीपीआयला परत करा. आकार तिथेच निम्म्याच्या खाली येईल. मग एखाद्या नावाजलेल्या साइटवर कॉम्प्रेस. मी आयलव्हपीडीएफ वापरतो. आणि आधार असेल तर मास्क्ड आधार चालतो का बघा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

रानवाटा_रविवार

झेनो-कॅन्टो. जगभरच्या पक्ष्यांचे आवाज, २००५ पासून, लोकांनीच रेकॉर्ड करून चढवलेले. वडिलांना पावशा ऐकवला, तोच तो 'पेर्ते व्हा'वाला. मार्चचा महिना, कराडजवळचं घर, अंगणात आंबा. फोनमधला पावशा ओरडला आणि दोन मिनिटांत खराखुरा आंब्यावर येऊन बसला! वडील खूश, "परत लाव." पाच-सहा वेळा लावलं. बिचारा या फांदीवरून त्या फांदीवर, छाती फुगवून, गळा फाडून ओरडतोय. नंतर एका पक्षीवाल्या मित्राने झापलं. त्याला वाटतं दुसरा नर घुसलाय, विणीच्या दिवसांत सगळं सोडून तो भांडायला येतो. तेव्हापासून हेडफोन लावूनच ऐकतो. वडिलांना मात्र हेडफोन आवडत नाही, म्हणून ते स्वतःच 'पेर्ते व्हा' म्हणतात. त्याला अजून कुणी आलेलं नाही.

शाई_दौत

तुम्हाला आठवतं का, २००५-०६ ला मराठी वाचायचं म्हणजे काय होतं? विंडोज एक्सपीवर सगळे चौकोन चौकोन. रिजनल सेटिंगमध्ये जाऊन एक टिक करायची, की तो सीडी मागायचा. सीडी विकणाऱ्याकडे, विकणारा दुकान बंद करून गावाला. शेवटी ऑफिसातून सीडी शर्टाच्या आत घालून आणली. ती टिक केली, मशीन बंद करून चालू केलं, आणि चौकोनांची अक्षरं झाली. पहिलं काय वाचलं माहितीये? मराठी विकिपीडियावर आपल्या तालुक्याचं पान. दोन ओळींचं. त्या दोन ओळी मी चार वेळा वाचल्या.

माळ्यावरची_मांजर

मला बरहा आठवतंय, त्यात टाइप करून इकडे चिकटवायचं. 'सुऱ्या' लिहायला गेलं की 'सुर्या' व्हायचं.

शाई_दौत

'दऱ्या'चं 'दर्या' होऊन माझ्या ट्रेकच्या वर्णनात सह्याद्रीत समुद्र आला होता.

गुरुवार_संध्याकाळ

फ्यूचरमी म्हणून आहे, २००२ पासून. स्वतःला पत्र लिहायचं, तारीख टाकायची, त्या दिवशी मेल येते. २०१४ मध्ये ऑफिसात कंटाळा आला म्हणून लिहिलं होतं, पाच वर्षांनंतरची तारीख टाकून. विसरून गेले. २०१९ मध्ये मीटिंगच्या मध्येच मेल आली. बरंचसं बावळटासारखं होतं, वजन, पगार, कोथरूडला घर झालं का वगैरे. शेवटची ओळ: 'बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? झालं असेल तर आता तरी त्यांना वैष्णोदेवीला ने.' ऑपरेशन झालं होतं. बाबा २०१७ ला गेले. मीटिंग चालूच होती, मी मान हलवत राहिले.

जनेल_उघडं_ठेव

🙏

सोमवारची_साबुदाणा

ताई... काय लिहू. जवळ असता तर चहा टाकला असता.

गुरुवार_संध्याकाळ

अहो ठीक आहे आता. त्याच दिवशी २०२९ चं एक लिहून ठेवलंय. काय लिहिलंय ते आत्ताच विसरायला लागलेय.

खडकवासला_एक्स्प्रेस

माझा मुलगा जिओगेसर खेळतो. रस्त्याचा फोटो दाखवतात, जगात कुठे आहे ते ओळखायचं. मातीच्या रंगावरून, विजेच्या खांबावरून मंगोलिया ओळखतो, बोट्स्वाना ओळखतो. २०२२ ला आपल्याकडे स्ट्रीट व्ह्यू आला, पुणे-नाशिक-नगरचे रस्ते त्यात आले. मी मुद्दाम त्याच्या शाळेचा चौक लावून दिला. म्हणाला, "बांगलादेश?"

द्राक्षवाला_निफाड

शाळेत जातो ना पण तो?

खडकवासला_एक्स्प्रेस

रिक्षाने. मान खाली, मोबाइल वर.

माळ्यावरची_मांजर

भाजणी आली, हात पिठाचे आहेत, बोटाच्या कडेने लिहितेय. डायरीतल्या सात जिवंत साइटींपैकी एक गुटेनबर्ग आहे, जुन्या पुस्तकांची. पुढे टिकमार्क आणि फूल, दोन्ही. बाकीचं रात्री. चकल्या तुटल्या तर उद्या.

शाई_दौत

मोहन गरम घाला, तुटणार नाहीत.

सोमवारची_साबुदाणा

गरमच, पण जास्त नको. जास्त झालं तर तेलात विरघळतात. गेल्या वर्षी माझ्या अर्ध्या कढईत राहिल्या.

गोंधळलेला_गण्या

झाली १९६ केबी! काका, तुमचे उपकार. आता म्हणतायत फोटो ५० केबीच्या आत, पण २० केबीपेक्षा कमी नको.