फ्रॅटर्निटीत मुलगा 'घडतो' म्हणे!

एडिसनकर: कालच्या धाग्यावर एका ताईंनी सल्ला दिलाय: अमेरिकेत कॉलेजला गेलेल्या मुलाला फ्रॅटर्निटीत (मुलांच्या बंधुसंघटनेत) घाला, 'बिग ब्रदर' (नव्या मुलाला सांभाळणारा सीनियर) मिळतो, व्यक्तिमत्त्व घडतं. डोकंच सणकलं. पेन स्टेट विद्यापीठ, फेब्रुवारी २०१७. बीटा थीटा पाय या फ्रॅटर्निटीच्या घरात १९ वर्षांच्या टिमथी पियाझाला दारू पाजली, तो जिन्यावरून पडला. मदतीला फोन करायला 'बंधूं'ना जवळपास १२ तास लागले. घर कागदोपत्री दारूमुक्त, आणि संस्थेचा 'मेन ऑफ प्रिन्सिपल' (तत्त्वनिष्ठ पुरुष) उपक्रम १९९८पासून चालू! घडवा आता.

ऑस्टिनची आई: त्या ताई मीच. एका घरावरून सगळ्यांना झोडपायचं का? अल्फा फाय अल्फा १९०६ साली कॉर्नेलमध्ये कृष्णवर्णीय मुलांनी काढली, मार्टिन ल्यूथर किंग तिचे सदस्य. सिग्मा अल्फा एप्सिलॉनने तर २०१४ला प्लेजिंगच (नव्या मुलांचा उमेदवारीचा काळ) बंद केलं. माझा मुलगा चारचौघांत तोंड उघडत नसे. त्याच्या 'बिग'ने दर रविवारी मॉक इंटरव्ह्यू घेतले. उत्तर देताना पेन टकटकवतो म्हणून पेनच काढून घेतलं. आम्हा आईबापांच्या हे लक्षातही आलं नव्हतं.

वाकडं बोट: प्लेजिंग का बंद केलं तेही लिहा की. पोरं मेल्यावर सुचलेलं शहाणपण ते. आणि ड्यूज (सभासद-वर्गणी) किती भरता? पेन काढून घ्यायला आमची आजी फुकटात तयार असायची.

जुना होस्टेलाइट: उगाच बाऊ. आमच्या वेळी सीनियर रात्री दोनला उठवून गाणी म्हणायला लावायचे. त्याच सीनियरने पुढे नोट्स दिल्या, मेसचं बिल भरलं. रॅगिंगशिवाय ती जवळीक होत नाही. हल्लीची पोरं नाजूक.

डॉक्टरीणबाई: काका, महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ला आला तो पोरं नाजूक होती म्हणून? २००९मध्ये हिमाचलच्या मेडिकल कॉलेजात अमन काचरू सीनियरांच्या मारहाणीने गेला. माझ्या बॅचची एक मुलगी पहिल्याच महिन्यात सामान बांधून घरी गेली, परत आली नाही. तिला कुणी नोट्स दिल्या?

जुना होस्टेलाइट: मी मारहाणीचं समर्थन कुठे केलं? शब्द तोंडात घालू नका.

डॉक्टरीणबाई: रात्री दोनला उठवणं म्हणजे काकडआरती होती का मग?

वाकडं बोट: 😂 काका, मेसचं बिल तेवढं मान्य. ते आमच्या सीनियरांनी कधी भरलं नाही.

ऑस्टिनची आई: धागा फ्रॅटर्निटीचा आहे, तुमच्या होस्टेलचा नाही! ड्यूज जास्तच आहेत, घ्या, जिंकलात.

एडिसनकर: मॉक इंटरव्ह्यू चांगलेच, नाही कोण म्हणतंय. पण ते करियर सेंटरही घेतं, आणि तिथे आधी कुणी बादलीभर दारू पाजत नाही. डिसेंबर २०२४च्या कायद्याने हेझिंगमध्ये (तिकडच्या रॅगिंगमध्ये) दोषी ठरलेल्या संघटनांची माहिती कॉलेजांना जाहीर करावी लागते. मुलाचा चॅप्टर (त्याच्या फ्रॅटर्निटीची कॉलेजातली शाखा) त्यात आहे का, बघितलंत?

ऑस्टिनची आई: बघितलं. नाहीये. झालं समाधान?

एडिसनकर: पुढच्या वेळीही बघा.