‘अवक्षेपित सिलिका’ : शब्द बरोबर आहे, पण अर्थ पोचतो का?

मूळ धागा

टायरच्या रबरावरील एका संशोधनाचा मराठी गोषवारा लिहिते आहे. त्यात रबराला बळकटी देणारी पांढरी भुकटी, ‘प्रेसिपिटेटेड सिलिका’, पानोपानी येते. पाठ्यपुस्तकांतला शब्द माहीत आहे : अवक्षेपित सिलिका. पण मसुदा दोघांना वाचायला दिला तेव्हा एकाने तो ‘आक्षेपित’ असा वाचला, दुसरीला ‘प्रक्षेपित’ वाटला. अर्थ कोणालाच लागला नाही. ‘साका’ (द्रावणाच्या तळाशी बसलेला गाळ) हा जुना शब्द वापरून काही करता येईल का? शिवाय व्यवहारात याच पदार्थाला ‘व्हाइट कार्बन’ म्हणतात असं कळलं. मग सरळ ‘पांढरी काजळी’ म्हटलं तर?

प्रतिसाद १

वाचकांची चूक समजण्यासारखी आहे. आक्षेप, प्रक्षेप, निक्षेप, अवक्षेप ही सगळी ‘क्षिप्’ म्हणजे फेकणे या धातूची भावंडं. ‘अव’ म्हणजे खाली. द्रावणाने खाली टाकलेलं ते अवक्षेप. इंग्रजी शब्दामागच्या लॅटिन क्रियापदातही खाली लोटण्याचाच अर्थ आहे, म्हणजे शब्द घडवणाऱ्याने मुळाला धरून काम केलं आहे.

‘साका’ मला जास्त आवडतो. रसायनावरच्या मराठी लेखनात ‘पांढरा साका मिळतो’ असं वाचलं की परीक्षानळीचा तळ डोळ्यांसमोर येतो. अडचण एवढीच, की साका हे नाम आहे आणि त्याचं विशेषण रूढ नाही. ‘साकळणे’ हे क्रियापद आहे, पण ते रक्ताने अडवून ठेवलं आहे. ‘साकळलेली सिलिका’ म्हटलं तर गुठळी आठवेल. म्हणून विशेषण अवक्षेपित ठेवा आणि पहिल्याच उल्लेखात ‘साका’ वापरून ते उलगडा.

प्रतिसाद २

रबर मिश्रणाच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. या पदार्थाच्या नावात त्याची कृती आहे आणि त्याचे सगळे गुण त्या कृतीतून येतात. त्यामुळे हे विशेषण शोभेचं नाही.

सोडियम सिलिकेटचं पाण्यातलं द्रावण घ्यायचं. त्यात तापमान सांभाळून, सतत ढवळत गंधकाम्ल सोडायचं. सिलिका बारीक कणांच्या रूपाने बाहेर पडते, सोडियम सल्फेट पाण्यात राहतं. मग गाळणं, ते मीठ निघेपर्यंत धुणं, वाळवणं, दळणं. द्रावण उदासीन किंवा अल्कधर्मी ठेवलं तर कण वाढतात, एकमेकांना चिकटतात आणि साका मिळतो. आम्लधर्मी ठेवलं तर कण फारसे न वाढता जाळं विणतात आणि सगळं द्रावणच पाण्यासकट थिजतं. ते सिलिका जेल, नव्या वस्तूंच्या खोक्यांत ओलावा शोषणाऱ्या पुडीत असतं ते. मूळ द्रव्यं तीच. ‘साका बसणे’ आणि ‘थिजणे’ या दोन साध्या क्रियापदांत हा फरक सांगून होतो, तो लेखात जरूर घ्या.

आता तुमच्या लेखात पुढे नक्की अडचण येणार तिथलं. सुटा मूळ कण साधारण 10 ते 30 नॅनोमीटरचा, पण सुटा तो कधी सापडतच नाही. कण एकमेकांना पक्के जोडले जाऊन एक रचना होते, आणि अशा अनेक रचना सैलसर चिकटून आणखी मोठा गोळा होतो. इंग्रजीत या दोन पातळ्यांना वेगळे शब्द आहेत आणि मराठी भाषांतरात दोन्हींना ‘समुच्चय’ म्हटलेलं पाहून मला फार वाईट वाटतं. मी पहिल्याला ‘घोस’ म्हणतो, दुसऱ्याला ‘ढेकूळ’. रबर मळताना ढेकूळ फुटतं, घोस सहसा टिकतो. ढेकळं नीट फुटली नाहीत तर मिश्रण बिघडतं. संशोधनाचा मोठा भाग याच फुटण्याभोवती फिरतो.

पृष्ठफळाचंही तसंच. टायरसाठी वापरतात त्या सिलिकेच्या एका ग्रॅमला साधारण 100 ते 200 चौरस मीटर पृष्ठफळ असतं. हे सगळं पृष्ठ पाण्याशी सख्य असलेलं, आणि रबर पाण्यापासून दूर पळणारं. त्यामुळे नुसती सिलिका घातली तर ती रबराला धरण्यापेक्षा आपसातच गोळा होते. मध्ये सिलेन हे दोघांना जोडणारं द्रव्य घालावं लागतं. त्याचं एक टोक सिलिकेला बांधलं जातं, दुसऱ्या टोकाचं गंधक रबराला. अशा जोडणाऱ्या द्रव्याला इंग्रजीत ‘कपलिंग एजंट’ म्हणतात, त्याला काही जण ‘युग्मक’ लिहितात. जीवशास्त्रात युग्मक म्हणजे प्रजननपेशी, तेव्हा ते टाळा. ‘जोडद्रव्य’ पुरे.

प्रतिसाद ३

‘पांढरी काजळी’ला माझा विरोध. रबरात पूर्वापार कार्बन ब्लॅक, म्हणजे कार्बनची काळी काजळी, घालतात, त्याच्या जागी हे पांढरं द्रव्य आलं म्हणून व्यापारात ते नाव पडलं. पण यात कार्बन नाहीच. आणि काजळी म्हणजे ज्योतीवर धरलेली. ज्योतीत तयार होणारी सिलिका वेगळी आहे : सिलिकॉन टेट्राक्लोराइड हायड्रोजनच्या ज्योतीत जाळून मिळते ती, जिला ‘फ्यूम्ड’ म्हणतात. म्हणजे काजळी म्हणायचीच तर तिला शोभेल. तुमची सिलिका पाण्यात जन्मलेली आहे.

प्रतिसाद ४

सामान्य वाचकाला एवढं कशाला? टूथपेस्टमध्ये दात घासायला, भुकटीचे गोळे होऊ नयेत म्हणून, रंगाची चकाकी मारायला सगळीकडे हीच असते आणि वेष्टनावर नुसतं ‘सिलिका’ लिहिलेलं चालतं. तुम्हीही तेवढंच लिहा.

प्रतिसाद ५

नाही, इथे विशेषण गाळणं अंगाशी येतं. वाळू आणि गारगोटीतली सिलिका स्फटिकी. तिची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली की सिलिकोसिस होतो, आणि कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने 1997 मध्ये कामाच्या ठिकाणी श्वासावाटे जाणाऱ्या या स्फटिकी सिलिकेला माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या गटात ठेवलं. अवक्षेपित सिलिका अस्फटिकी आहे. त्याच वेळी तिच्याबाबत पुरावा अपुरा म्हणून ती वेगळ्या गटात गेली. ‘टूथपेस्टमध्ये सिलिका’ एवढंच लिहिलं तर वाचक उगाच घाबरेल. खाणीत किंवा दगडफोडीच्या जागी ‘सिलिका तर टूथपेस्टमध्येही असते’ असं कोणी म्हणालं तर तो नको तितका निर्धास्त होईल. दुसरी चूक जास्त वाईट.

आणि नाव कृतीचं आहे, उगमाचं नाही, हेही सोयीचं आहे. भाताच्या तुसाची राख कॉस्टिक सोड्यात विरघळवून सिलिकेट करता येतं. त्यातून साका बसवला तर तीही अवक्षेपित सिलिकाच.

प्रतिसाद ६

एक छोटी भर. ‘सिलिकॉन’ हे मूलद्रव्य आणि ‘सिलिकोन’ हे बहुवारिक, दोन्ही मराठीत सर्रास ‘सिलिकॉन’ छापले जातात. या लेखात सिलिका, सिलिकेट, सिलेन असे आणखी तीन येणार. मुद्रितशोधन डोळ्यांत तेल घालून करा. लिंगाबद्दल : वाळू ती, काजळी ती, मग सिलिकाही ती. ‘ते सिलिका’ कानाला खटकतं.

मूळ धागा लिहिणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. घोस आणि ढेकूळ तर लगेच घेतले. पहिला परिच्छेद असा केला आहे :

“टायरच्या रबरात काजळीऐवजी सिलिका घालण्याच्या पद्धतीने 1990च्या दशकात जोर धरला. ही सिलिका वाळूसारखी स्फटिकी नसते. सोडियम सिलिकेटच्या द्रावणात आम्ल सोडून तिचा साका बसवतात, म्हणून ती अवक्षेपित सिलिका. सिलेन या जोडद्रव्याने ती रबराला बांधली की चाक फिरताना उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा कमी होते आणि ओल्या रस्त्यावरची पकडही सुधारते.”

‘फिलर’ला ‘भरणद्रव्य’ लिहिलं होतं. पण ते नुसती जागा भरत नाही, रबराला बळकटी देतं. ‘बलवर्धक भरणद्रव्य’ फार लांब होतं. यावर कोणाला काही सुचतं का?

प्रतिसाद २ (पुन्हा)

पहिल्यांदा लांब लिहा, पुढे नुसतं ‘भरण’. आम्ही बोलताना ‘फिलर’च म्हणतो, पण ‘भरण किती भाग टाकलं’ हे वाक्य मराठीत सहज बसतं. आणि दुसऱ्या वाक्यात ‘वाळूसारखी’च्या आधी ‘घटकद्रव्य तेच असलं तरी’ एवढं घाला. सिलिका आणि वाळू यांचं नातं त्याशिवाय वाचकाला कळणार नाही.