अल्बम अडवला, तरी कॉपीराइट कोणाचा?

छायाचित्रकाराने शेवटचा हप्ता अल्बम देताना घ्यावा आणि पूर्ण पैसे मिळेपर्यंत ग्राहकाला लग्नाचा अल्बम देऊ नये, असे मत आम्हा छायाचित्रकारांत मांडले जाते; त्यातले अल्बम न देण्याचे मत मला पटते. परंतु ‘फोटो मी काढले, म्हणून कॉपीराइट आपोआप माझाच’ हे त्यासोबत गृहीत धरलेले विधान भारतीय कायद्यात टिकत नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदल्याच्या बदल्यात कोणाच्या सांगण्यावरून छायाचित्र काढले असेल आणि वेगळा करार झालेला नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारा ग्राहक ठरतो. त्यामुळे कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील आणि वापराची परवानगी पूर्ण रक्कम जमा झाल्यावरच मिळेल, हे बुकिंगच्याच वेळी लिहून सही घेणे मला अत्यावश्यक वाटते.

शेवटचा हप्ता अल्बमशी जोडण्याबद्दलही माझा थोडा वेगळा अनुभव आहे. अल्बमसाठी फोटो निवडून द्यायला घरची मंडळी कित्येक महिने लावतात, आणि तेवढा काळ आपले पैसे त्यांच्या निवडीवर अडकून पडतात. म्हणून आम्ही मोठा हिस्सा हळदीच्या आधीच घेतो, आणि उरलेली रक्कम, निवड झालेली असो वा नसो, करारात लिहिलेल्या तारखेला मागतो.