तातडीची मदत हवी आहे : विंडोज टाकताना हार्डडिस्कच दिसत नाही

वाकडेवाडी (शनिवार, रात्री ९:१२)
नमस्कार मंडळी. संध्याकाळी सहापासून लॅपटॉपवर नवीन विंडोज टाकायला बसलोय. पेनड्राइव्ह लावला की सगळं नीट पुढे जातं, पण विंडोज कुठे टाकायचं हे विचारतो तिथली यादी रिकामी. एकही ड्राइव्ह नाही. पेनड्राइव्ह दोनदा परत बनवला, तरी तेच. हार्डडिस्क गेली का? सोमवारी सकाळी लॅपटॉप लागणार आहे. "दुकानात न्या" सोडून काहीही सांगा.

जुना_मदरबोर्ड (९:२०)
लॅपटॉप कुठला? किती जुना? विंडोज कोणतं? साधी हार्डडिस्क आहे की एसएसडी? स्क्रीनवर नेमकं काय लिहून येतं?

वाकडेवाडी (९:२३)
चार वर्षं झाली असतील. कंपनी सांगत नाही, इथे त्यावरून भांडणं होतात. विंडोज नेहमीचंच.

जुना_मदरबोर्ड (९:२४)
नेहमीचंच म्हणजे? अहो, चहा नाही मागवत आपण.

तिखट_शेव (९:३१)
डिस्क गेली, विषय संपला. माझी २०११ साली अशीच गेली होती. आधी टिकटिक आवाज, मग दिसायचीच बंद. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली, सकाळी तासभर चालली, तेवढ्यात फोटो काढून घेतले. आवाज येतो का ते ऐका.

कीबोर्डवाली (९:३५)
शेवकाका, एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, टिकटिक कुठून येणार? आणि धागाकर्ते, कृपा करून लॅपटॉप कोथिंबिरीशेजारी ठेवू नका. फ्रीजरमधून काढलेल्या डिस्कवर दव धरतं, उरलीसुरलीही जाते.

तिखट_शेव (९:३७)
माझी चालली होती. अनुभव सांगितला.

एक_भाबडी_शंका (९:४०)
मला अँटीव्हायरस घ्यायचा आहे. विंडोजबरोबर येतो तो पुरतो का?

कीबोर्डवाली (९:४४)
वाकडेवाडी, तीन गोष्टी बघून सांगा. (१) स्टिकरवर इंटेल लिहिलंय की एएमडी, आणि कितवी जनरेशन. (२) लॅपटॉप चालू करताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधीचं सेटिंगचं पान) जा, एफ२ किंवा डिलीट दाबून. तिथे डिस्कचं नाव दिसतं का? (३) संदेश शब्दशः. एकसारखे वाटणारे दोन संदेश आहेत. एक म्हणतो मीडिया ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) नाही. तो आला तर पेनड्राइव्ह नाहीतर यूएसबी पोर्ट बघायचा. दुसरा म्हणतो ड्राइव्हच सापडले नाहीत, स्टोरेज ड्रायव्हर द्या. तो वेगळा आजार.

पेंग्विनप्रेमी (९:४६)
विंडोजच्या नादाला लागताच कशाला? लिनक्स मिंट टाका, वीस मिनिटांत काम होईल. मी सात वर्षांत विंडोजचं तोंड पाहिलेलं नाही.

वाकडेवाडी (९:५८)
दुसरा संदेश. खाली "लोड ड्रायव्हर" असं बटण आहे. इंटेल आय-फाइव्ह, अकरावी जनरेशन. बायोसमध्ये डिस्क दिसते! ५१२ जीबी. म्हणजे जिवंत आहे ना?

कीबोर्डवाली (१०:०३)
ठणठणीत आहे. अकराव्या जनरेशनपासून इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपांत एसएसडी सरळ समोर नसते, व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरच्या आड असते. त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये बऱ्याचदा नसतो. त्यामुळे बायोसला डिस्क दिसते आणि सेटअपला दिसत नाही. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करता येतं, किंवा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर टाकून सेटअपला दाखवता येतो. मी दुसरा मार्ग घेईन.

घाटमाथा (१०:०५)
ड्रायव्हर शोधत कोण बसणार? सरळ व्हीएमडी बंद करा. एकच एसएसडी असलेल्या घरच्या लॅपटॉपला त्याचा उपयोग काय? विंडोजचा स्वतःचा एसएसडीचा (एनव्हीएमई) ड्रायव्हर मस्त चालतो. हा पर्याय आसुसमध्ये ॲडव्हान्स्डखाली असतो. एसरमध्ये लपवलेला असतो, मेन टॅबवर कंट्रोल आणि एस दाबलं की दिसतो. डेलमध्ये स्टोरेजखाली रेड (RAID) ऑन आणि एएचसीआय असे दोन पर्याय सापडतील, त्यातला दुसरा घ्या.

कीबोर्डवाली (१०:०८)
जुनं विंडोज त्यावर अजून आहे का, त्यात काही ठेवलंय का, हे विचारल्याशिवाय "बंद करा" सांगू नका.

घाटमाथा (१०:०९)
नवीन टाकतोय म्हणजे जुनं नकोच असणार ना!

कोल्हापुरी_रस्सा (१०:११)
भावा, लई विचार करू नको. शिफ्ट आणि एफ१० दाब, काळी खिडकी उघडली की डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क शून्य, क्लीन, मग कन्व्हर्ट जीपीटी. (इथं देवनागरीत लिवलंय, टाकताना इंग्रजीत टाक.) पाच मिनिटांत डिस्क चकाचक.

जुना_मदरबोर्ड (१०:१२)
थांबा!! क्लीन म्हणजे अख्ख्या डिस्कचं विभाजन पुसलं जातं, सी, डी, सगळे भाग. शिवाय हा उपाय एमबीआर-जीपीटीच्या (डिस्क विभागायच्या जुन्या-नव्या पद्धतीच्या) तक्रारीवरचा आहे, "या डिस्कवर एमबीआर तक्ता आहे" असं सेटअप म्हणतो तेव्हाचा. यांना डिस्क दिसतच नाहीये, सिलेक्ट काय करणार? आणि पेनड्राइव्ह लावलेला असताना डिस्क शून्य म्हणजे पेनड्राइव्हच निघाला तर?

कोल्हापुरी_रस्सा (१०:१४)
बरं बरं, तापू नका. माझ्या मेव्हण्याच्या पीसीला लागू पडलं होतं.

वाकडेवाडी (१०:२६)
घाटमाथा, देव तुमचं भलं करो! व्हीएमडी बंद केल्याबरोबर डिस्क दिसली. आता सी फॉरमॅट करतो. डीला हात लावत नाही, त्यात सोसायटीचे हिशोब आहेत. सोमवारी अकराला ऑडिटर येणार आहेत.

कीबोर्डवाली (१०:२७)
पुढे जाऊ नका. हिशोबांची दुसरी प्रत कुठे आहे?

वाकडेवाडी (१०:२९)
डीमध्येच.

जुना_मदरबोर्ड (१०:३०)
🙏

कीबोर्डवाली (१०:३४)
तुमचं जुनं विंडोज ११ असणार. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉग-इन केलेलं असेल तर अशा लॅपटॉपवर डिस्क बहुतेक वेळा आपोआप एन्क्रिप्ट होते, होम आवृत्तीतही. नुसती सी नाही, डीसुद्धा. नवीन विंडोज आल्यावर डी दिसेल, पण कुलूप लावलेली. उघडायला ४८ आकड्यांची रिकव्हरी की लागते. ती असली तरच पुढे जा. त्याहून बरं म्हणजे सेटअप बंद करून जुन्या विंडोजमध्ये जा आणि हिशोब आधी दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या.

वाकडेवाडी (१०:४६)
मेलो. जुनं विंडोज उघडायला गेलो तर निळी स्क्रीन, इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. दुपारपर्यंत चालत होतं हो!

तिखट_शेव (१०:४८)
मी पहिल्यापासून सांगतोय, डिस्क गेली.

कीबोर्डवाली (१०:५०)
नाही गेली. जुनं विंडोज व्हीएमडीच्या ड्रायव्हरवर बसवलेलं होतं. ती वाटच काढून घेतल्यावर त्याला स्वतःची डिस्क सापडत नाही. बायोसमध्ये व्हीएमडी परत चालू करा. घाटमाथा, मी म्हणत होते ते हेच.

घाटमाथा (१०:५३)
मान्य. पण बंद करण्याआधी सेफ मोड लावून ठेवला असता, तर पहिल्याच बूटला विंडोजने नवा ड्रायव्हर उचलला असता. पद्धत चुकीची नाही, क्रम चुकला.

जुना_मदरबोर्ड (१०:५५)
तो क्रम तुमच्या १०:०५ च्या प्रतिसादात शोधतोय, दिसला नाही. (दिवे घ्या.)

वाकडेवाडी (११:०४)
परत चालू केलं. आता निळ्या पानावर बिटलॉकर रिकव्हरी की मागतोय. मी असलं काही कधी लावलंच नव्हतं.

कीबोर्डवाली (११:०६)
बिटलॉकर म्हणजे मी म्हटलं ते कुलूप. तुम्ही नाही, विंडोजने लावलं. बायोसमधलं असलं काही बदललं की ते संशय घेतं. मोबाईलवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जा, डिव्हाइसेसखाली हा लॅपटॉप आणि त्याची की दिसेल. पानावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून बघा.

वाकडेवाडी (११:१५)
माझ्या अकाउंटमध्ये एकही लॅपटॉप नाही.

जुना_मदरबोर्ड (११:१६)
घेतला तेव्हा सेटअप कोणी केला होता?

वाकडेवाडी (११:१८)
भाच्याने. तो बंगळुरूला असतो.

जुना_मदरबोर्ड (११:१९)
लावा फोन.

पेंग्विनप्रेमी (११:२१)
लिनक्स लाइव्ह पेनड्राइव्हवरून चालू करून फायली काढून घ्या की!

कीबोर्डवाली (११:२३)
एन्क्रिप्टेड आहे. तुमचा पेंग्विनही आधी हीच किल्ली मागेल.

जुना_मदरबोर्ड (११:३०)
भाचा फोन उचलेपर्यंत अवांतर. एक्सपीच्या काळातही हेच दुखणं होतं. साटा डिस्क नवीन आल्या होत्या, एक्सपीकडे एएचसीआयचा (त्यांच्या नव्या मोडचा) ड्रायव्हर नव्हता. सेटअपच्या सुरुवातीला खाली ओळ यायची, एफ६ दाबा. दाबलं की ड्रायव्हरची फ्लॉपी मागायचा. डिस्क नवी कोरी, आणि तिच्यासाठी धूळ झटकून फ्लॉपी ड्राइव्ह जोडायचा! मी एकदा फक्त तेवढ्यासाठी तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) दोन चकरा मारल्या होत्या. इंटेलच्या या ड्रायव्हरला लोक अजून एफ६ ड्रायव्हर म्हणतात, ते नाव तिथलंच.

कोल्हापुरी_रस्सा (११:३३)
आम्ही तर बायोसमध्ये जुना आयडीई मोड करून मोकळं व्हायचो.

घाटमाथा (११:३४)
बघा! म्हणजे माझ्यासारखंच, बंद करून मोकळं.

वाकडेवाडी (११:५२)
मिळाली!! भाच्याच्या अकाउंटमध्ये माझा लॅपटॉप "मामांचा डबा" या नावाने आहे. त्याने आकडे फोनवर सांगितले, मी दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा उघडलं. हिशोब पेनड्राइव्हवर घेतले. बायकोने तिच्या मेललाही पाठवायला लावले. आता नवीन विंडोज टाकू की नको?

कीबोर्डवाली (११:५६)
हे सगळं कशासाठी चाललंय ते तुम्ही अजून सांगितलेलंच नाही. नवीन विंडोज का टाकताय?

वाकडेवाडी (रविवार, १२:०१)
स्लो झालाय म्हणून. सी पूर्ण लाल आहे.

जुना_मदरबोर्ड (१२:०३)
सी भरलीय! अहो, सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडा, तात्पुरत्या फायली उडवा, डाउनलोड्स रिकामं करा. त्यानेही भागलं असतं.

वाकडेवाडी (१२:०५)
आता जिद्दीला पेटलोय. शिवाय भाच्याचं अकाउंटही काढायचंय त्यातून. विंडोज १० टाकलं तर हा त्रास होणार नाही का?

कीबोर्डवाली (१२:१२)
१० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि त्याच्या पेनड्राइव्हलाही ही डिस्क दिसणार नाही. ११ च टाका, व्हीएमडी चालू ठेवून. लॅपटॉपच्या कंपनीच्या सपोर्ट पानावरून तुमच्या मॉडेलचा इंटेल आरएसटी ड्रायव्हर (व्हीएमडीचा तो हाच) घ्या. लोक इथे हमखास चुकतात. ईएक्सई फाइल तशीच पेनड्राइव्हवर टाकली तर सेटअपला काही कळत नाही. आधी ती उलगडून आतलं फोल्डर काढायचं, ज्यात आयएनएफ फाइल असते, ते टाकायचं. मग "लोड ड्रायव्हर", "ब्राउझ", ते फोल्डर. यादीत दोन-तीन नावं दिसतील, तुमच्यासाठी ९ए०बी लिहिलेलं. आणि उद्या सकाळी करा, आत्ता झोपा.

वाकडेवाडी (रविवार, दुपारी १:४०)
झालं! ९ए०बी निवडलं आणि डिस्क हजर. सी पुसली, डी जशीच्या तशी आहे. मधे वायफाय नाही म्हणून अडलो होतो. नेटशिवाय पुढे जाऊ देईना आणि वायफायचा ड्रायव्हर नेटवर. बायकोचा मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग केलं, सुटलं. यावेळी अकाउंट माझं, आणि की वहीत लिहून कपाटात ठेवली. कीबोर्डवाली ताई, पुण्यात आलात की मिसळ माझ्याकडून.
एकच राहिलं. मराठी टायपिंग कसं चालू करायचं?

तिखट_शेव (१:४४)
इनस्क्रिप्ट (देवनागरी कीबोर्ड) शिका. आठ दिवसांत हात बसतो.

घाटमाथा (१:४५)
कशाला? विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक (इंग्रजी अक्षरांतून मराठी) आहे. भाषा सेटिंगमध्ये जाऊन कीबोर्ड जोडायचा, काम झालं.

तिखट_शेव (१:४७)
फोनेटिक म्हणजे रोमनच्या कुबड्या.

घाटमाथा (१:४८)
आणि फ्रीजरमधली हार्डडिस्क म्हणजे काय?

एक_भाबडी_शंका (१:५५)
अँटीव्हायरसचं कुणी सांगेल का?